होम्सची एकसष्टावी कथा

इ. स. १९४८ च्या ऑगस्ट महिन्यांत अमेरिकेंतील ‘कॉस्मोपॉलिटन’ मासिकांत शेरलॉक होम्सची एक नवी कथा प्रसिद्ध झाली. कथेवर सर आर्थर कॉनन डॉइल यांचें नांव होतें. डॉइलसाहेब १९३० सालींच दिवंगत झालेले. होम्सविषयीं त्यांनीं लिहिलेल्या छप्पन्न लघुकथा व चार कादंबऱ्या, एकूण साठ कृति, वाचकांना जवळजवळ मुखोद्गत. तेव्हां एकसष्टावी सांपडली या वार्तेनें रसिकांत केवढी खळबळ उडाली असेल, याची कल्पना करणें अवघड नाहीं. पुढील जानेवारींत लंडनच्या ‘संडे डिस्पॅच’ पत्रानें तीच कथा इंग्लंडमधील वाचकांपुढें ठेवली, आणि तेथें ती आर्थर व्हिटेकर नांवाच्या एका निवृत्त वास्तुशिल्प्याच्या दृष्टीस पडली. गृहस्थाला ती नवी नव्हती. सुमारें अडतीस वर्षांपूर्वीं त्यानेंच ती लिहिली होती.

दुसऱ्यानें निर्मिलेला नायक घेऊन त्याच्या नव्या कथा रचण्याची हौस आजकालची नव्हे. आपल्या आख्यानकवींनीं व्यास-वाल्मीकींचीं पात्रें घेऊन शेंकडों आख्यानें रचलीं, आणि त्यांना कोणी चोर म्हटलें नाहीं. कारण त्यांनीं आपली नाममुद्रा उघडपणें घातली. उलट ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत इतरांच्या हातून भर पडून पाठ बिघडला, तेव्हां शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, एकनाथमहाराजांना ग्रंथशुद्धीचें कष्टाचें कार्य करावें लागलें; आणि पुढें कोणी आपली ओंवी त्यांत घालूं नये, अशी ताकीदही देऊन ठेवावी लागली. रचना कोणत्या नांवानें चालते, यावर तिचें बरेंवाईट अवलंबून असतें. व्हिटेकरच्या कथेचें तर सारें नशीबच नांवावर हेलकावे खात राहिलें.

डॉइल यांनीं १८९३ सालीं होम्सला धबधब्याच्या दरींत लोटून दिलें व वाचकांच्या आग्रहापुढें नमून १९०३ सालीं त्याला परत आणलें, ही हकीकत सर्वश्रुत आहे. मध्यंतरीं, १८९९ सालीं, विल्यम जिलेट या अमेरिकन नटानें होम्सला रंगभूमीवर आणलें. नाटकांत होम्सचें लग्न लावूं काय, असें त्यानें तारेनें विचारलें असतां, लग्न लावा किंवा खून करा, मर्जीस येईल तें करा, अशा अर्थाचें उत्तर डॉइल यांनीं पाठविलें, असें सांगतात. म्हणजे मूळ धनी कांहीं कृपण नव्हता. परंतु जिलेट नामांकित नट होता, आणि व्यवहार रीतसर करारानें झालेला होता. सामान्य वाचकाला अशी सनद कोठून मिळणार?

व्हिटेकर असाच एक सामान्य वाचक. १९१० च्या सुमारास त्याच्या हाताला काम नव्हतें, आणि मोकळ्या वेळांत त्यानें होम्सची एक कथा रचली. शेफील्डमधील एका पेढीचा पैसा खोट्या चेकांनीं उचलून एक मनुष्य अमेरिकेच्या बोटीवर चढतो व बोटीवरून नाहींसा होतो, असें तिचें सूत्र. पात्रें तयार, बेकर स्ट्रीटवरील बिऱ्हाड तयार, वॉटसन लिहावयास बसलेला. मग हौशी लेखकाला करावयाचें तें काय उरलें, असें पुष्कळांना वाटतें. ही समजूत चुकीची आहे. परक्याच्या घरांत वावरणाराला प्रत्येक पाऊल जपून टाकावें लागतें. कारण त्या घरांतील कोणती वस्तु कोठें आहे हें यजमानापेक्षांही पाहुण्यांना अधिक पाठ असतें. वॉटसनची साधी, किंचित् भाबडी भाषा उसनी घेतां येते. पण प्रारंभींच होम्सनें एखाद्या क्षुल्लक खुणेवरून जें अनुमान काढावयाचें, तें दर कथेला नवें लागतें. जुनें वापरलें तर नक्कल म्हणून हंसें होतें, आणि नवें पोंचट निघालें तर त्याहून अधिक.

व्हिटेकरचा पाय घसरला तो मात्र निराळ्याच ठिकाणीं. कथेचा काळ त्यानें १८९५ चा शरदऋतु धरला, आणि वॉटसनच्या पत्नीला केट व्हिटनी या बालमैत्रिणीसह स्वित्झर्लंडला हवापालटासाठीं धाडलें. केट व्हिटनी हें नांव डॉइल यांच्या १८९१ मधील एका कथेंतून उचललेलें. म्हणजे वाचन बारीक होतें. पण होम्स परत आल्याच्या कथेंत, जिचा काळ १८९४ चा आहे, वॉटसनला पत्नीवियोग झाल्याचा स्पष्ट निर्देश आहे. मृत स्त्री वर्षभरानें हवापालटास निघाली!

हा दोष खराच. परंतु स्वतः डॉइल यांनीं वॉटसनची युद्धांतील जखम १८८७ मध्यें खांद्याला व १८९० मध्यें पायाला दाखविली आहे, आणि जॉन वॉटसनला त्याच्या बायकोकडून एके ठिकाणीं ‘जेम्स’ म्हणवून घेतलें आहे. रोनाल्ड नॉक्स या विद्वानानें १९११ सालींच होम्सकथांतील विसंगतींवर मोठा गमतीदार निबंध लिहिला, आणि त्यापासून त्यांचा खल करण्याचें एक शास्त्रच निघालें. मूळ लेखकाची चूक झाली कीं पंडित तिची उपपत्ति शोधतात. हौशी लेखकाची झाली कीं ती त्याच्या अपात्रतेचा पुरावा ठरते. ही न्यायाची दोन मापें झालीं.

संयुक्तपणें प्रसिद्ध करावी, या आशेनें व्हिटेकरनें आपली कथा डॉइल यांच्याकडे पाठविली. १९११ मध्यें आलेलें उत्तर कठोर नव्हतें. कथा वाईट नाहीं. नांवें बदलून ती स्वतःच छापवून पहावी. सहलेखन केल्यास संपादक मोबदला एकदम उतरवतील, म्हणून तें शक्य नाहीं. पाहिजे तर कल्पना विकत घेतां येईल, असा त्याचा आशय होता. नवशिक्याचें लिखाण वाचून इतकें स्पष्ट उत्तर देणारे ग्रंथकार फार थोडे. सुमारें दहा पौंडांत कथा विकली गेली. डॉइल यांनीं ती कल्पना पुढें कधींच वापरली नाहीं.

नांवें बदलण्याचा तो सल्ला एका अमेरिकन तरुणानें मात्र आपण होऊनच आचरणांत आणला. ऑगस्ट डर्लेथ या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें १९२८ सालीं डॉइल यांना आणखी होम्सकथा लिहिणार काय, असें विचारलें. नकार येतांच त्यानें सोलर पॉन्स नांवाचा दुसरा गुप्तहेर उभा केला व प्रेड स्ट्रीटवर त्याचें बिऱ्हाड थाटलें. मुखवटा पातळ होता, पण पॉन्सच्या कथांचे पुढें अनेक संग्रह निघाले, आणि कर्त्याचें नांव कर्त्याकडेच राहिलें.

इकडे व्हिटेकरची टाइप केलेली प्रत डॉइल यांच्या कागदपत्रांत पडून राहिली व १९४२ सालीं उजेडांत आली. १९४३ मध्यें हेस्केथ पिअर्सन यांनीं आपल्या डॉइलचरित्रांत तिचा परामर्श घेतला. कथा एकंदरींत उणी आहे, परंतु होम्स-वॉटसनांच्या प्रारंभींच्या संवादांत मूळ लेखकाचा हात ओळखूं येतो, असा त्यांचा अभिप्राय. अर्धा अभिप्राय अचूक होता. उरलेला अर्धा, त्यांच्या नकळत, एका बेकार वास्तुशिल्प्याला मिळालेलें सर्वोत्तम प्रशस्तिपत्र होतें. आणि अशा लेखनाची निःपक्षपाती परीक्षा, चुकून कां होईना, एकदां तरी झाली ती एवढीच.

डॉइल यांचे वारस प्रथम ती कथा छापावयास नाखूष होते. याच वारसांच्या हरकतीमुळें, इतरांनीं रचलेल्या होम्सकथांचा १९४४ मधील एलरी क्वीन यांनीं संपादिलेला संग्रह बाजारांतून काढून घ्यावा लागला होता. परक्या हातांपासून होम्सला जपणारांनीं चार वर्षांनीं परक्या हाताचीच कथा पित्याच्या नांवानें छापू दिली. त्यांना खरा प्रकार ठाऊक नव्हता, हें त्यांच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. व्हिन्सेंट स्टॅरेट या जाणत्या समीक्षकाला शंका आली. कथा डॉइल यांची नसून त्यांचे पुत्र एड्रियन यांची असावी, असा त्यानें तर्क केला. पहिलें अनुमान बरोबर, दुसरें चूक. तिसरें कोणाच्या मनांत येणेंच शक्य नव्हतें.

‘संडे डिस्पॅच’मधील कथा पाहून व्हिटेकरनें डॉइल यांचे दुसरे पुत्र डेनिस यांना पत्र लिहून कर्तृत्व कोणाचें तें कळविलें. एड्रियन यांनीं पुरावा मागितला, प्रकरण वकिलांपर्यंत गेलें. व्हिटेकरपाशीं कथेची कार्बन-प्रत होती, डॉइल यांचें १९११ चें पत्र जपून ठेविलेलें होतें, आणि ती कथा त्या काळीं त्याच्याकडून ऐकलेलीं माणसेंही होतीं. १९४९ मध्यें वारसांनीं त्याचें म्हणणें मान्य केलें. त्याच वर्षीं व्हिटेकर वारला.

पुढें १९८५ सालीं रिचर्ड लॅन्सेलिन ग्रीन यांनीं संपादिलेल्या एका संग्रहांत ती कथा पुन्हां छापली गेली. शीर्षकांत शेफील्डचें नांव आलें, आणि लेखक म्हणून आर्थर व्हिटेकर.