पाणी वरून येतं

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातली पहाट. इसवी सनापूर्वीचं तिसरं शतक चालू आहे आणि तुम्ही आजच्या पेरूच्या किनाऱ्यामागे, कास्मा नदीच्या खोऱ्यातल्या वाळवंटात उभे आहात. या जागेला पुढे चांकियो म्हणतील. एका लांब बोळातून चालत तुम्ही त्याच्या टोकाच्या उघड्या दारात आला आहात. पायाशी शिंपले आणि मातीची भांडी वाहिलेली आहेत. समोर पूर्वेला, बुटक्या टेकडीच्या कण्यावर तेरा दगडी मनोरे ओळीनं उभे आहेत आणि त्यांच्यामागे आकाश तांबडं होतंय.

सूर्य सगळ्यांत उजवीकडच्या मनोऱ्यापाशी उगवतो. आजपासून तो उत्तरेकडे सरकू लागेल आणि सहा महिन्यांनी डावीकडच्या टोकाला पोचेल. मधल्या कुठल्याही पहाटे तो कोणत्या फटीतून वर आला, हे पाहून इथला जाणकार दोन-तीन दिवसांच्या फरकानं तारीख सांगतो. या वाळवंटात पाऊस जवळपास पडतच नाही. पण पूर्वेच्या डोंगरांत आता ढग जमू लागलेत आणि काही आठवड्यांत कोरड्या पात्रातून गढूळ लोंढा खाली येईल. पाणी कधी येणार हे ज्याला आधी सांगता येतं, त्याचं शेतकरी ऐकतात. माझ्या मते या प्रदेशातल्या राज्यकारभाराचं मूळ इथे, या दारात शोधावं. सत्ता कुणाचीही असो, आज आंकाश म्हणवणाऱ्या या विभागात तिची परीक्षा एकाच गोष्टीवर झाली आहे: वरच्या पाण्याकडे तिचं लक्ष होतं की नव्हतं.

ते पाणी पाहायला वर चढा. किनारा सोडला की काळपट, बोडक्या डोंगरांची रांग लागते. ही कोर्दियेरा नेग्रा, काळी रांग. हिच्यावर बर्फ नाही. दम लागतो, कानांना दडे बसतात, आणि 4,200 मीटरच्या खिंडीत पोचलात की समोरची दरी ओलांडून एकदम पांढरी भिंत दिसते. कोर्दियेरा ब्लांका. सहा हजार मीटरच्या वरची शिखरं एकामागून एक, आणि त्या सगळ्यांच्या वर 6,768 मीटरचा वास्कारान. पृथ्वीच्या उष्ण कटिबंधात याहून उंच डोंगर नाही. विषुववृत्तापासून फक्त नऊ अंशांवर एवढं बर्फ असावं, हे पाहताना मला तरी ते अजून पटकन खरं वाटत नाही.

दोन रांगांच्या मधून सांता नदी वाहते. कोनोकोचा तलावातून निघून ती समुद्राकडे वळत नाही. काळी रांग वाट अडवते, म्हणून ती किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे जाते आणि शेवटी कान्योन देल पातो या अरुंद घळईतून डोंगर कापत पश्चिमेला पॅसिफिकमध्ये उतरते. सुमारे 350 किलोमीटरचा हा प्रवास. पांढऱ्या रांगेच्या पलीकडे, कोंचुकोसच्या दऱ्यांत पडलेला थेंब मात्र मारान्योन नदीला मिळतो आणि ॲमेझॉनमधून अटलांटिकला जातो. एकाच प्रशासकीय विभागाचं पाणी दोन महासागरांना जातं, तेव्हा त्याच्या सीमा कागदावर आखणं सोपं आणि सांभाळणं अवघड जातं.

1533 च्या जानेवारीत तुम्ही याच दरीत इंकांच्या फरसबंद रस्त्याच्या कडेला उभे राहता आणि एर्नांदो पिसारोची घोडदळाची तुकडी दक्षिणेकडे जाताना पाहता. सम्राट आताव्आल्पा काहामार्कात कैदेत आहे आणि हे लोक पाचाकामाकच्या मंदिरातलं सोनं आणायला निघालेत. दोरखंडाच्या झुलत्या पुलावर घोडे बिचकतात. स्पॅनिश अंमल आला, गेला. 1821 च्या फेब्रुवारीत स्वातंत्र्ययुद्धाचा सेनापती सान मार्तीननं नव्या विभागांत वायलास हा एक विभाग केला. मग 20 जानेवारी 1839 ला युंगाय गावाजवळ आंकाश नावाच्या ओढ्याकाठी पेरू-बोलिव्हिया महासंघाचा पराभव झाला आणि पुढच्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष गामारानं सगळ्या विभागाला त्या ओढ्याचं नाव दिलं. तेच आजवर टिकलं.

1885 च्या मार्चमध्ये जरा थांबा. विभागाच्या राजधानीत, वारासमध्ये. चिलीबरोबरचं युद्ध पेरू हरला आहे, खजिना रिकामा आहे, आणि विभागाचा सरकारी प्रमुख, प्रीफेक्ट, यानं डोंगरातल्या केचुआ भाषक शेतकऱ्यांवर डोईपट्टी लादली आहे. वर वेठबिगारी आहेच. गावोगावचे प्रमुख हातात काठी घेऊन अर्ज द्यायला आले. ही काठी त्यांच्या अधिकाराची खूण. त्यांच्यातल्या पेद्रो पाब्लो आतुस्पारियाला पकडून त्याचे हाल केले गेले. त्याच्या सुटकेसाठी आलेल्या बाकीच्या प्रमुखांच्या वेण्या कापल्या. वेणी कापणं म्हणजे त्या माणसाला गावासमोर उघडं करणं होतं, आणि हे सरकारी कचेरीत ज्यांना कळलं नाही त्यांनी काही दिवसांत शहर गमावलं. तुम्ही वारासच्या चौकात उभे आहात आणि चारही बाजूंच्या उतारांवरून माणसं खाली येताहेत, हजारोंनी, गोफणी आणि भाले घेऊन. दोनेक महिने ही दरी त्यांच्या ताब्यात राहिली. नंतर किनाऱ्यावरून तोफा आल्या आणि उठाव मोडला. आतुस्पारियाचा सहकारी, खाणकामगार उच्कु पेद्रो, याला गोळ्या घालण्यात आल्या. त्या वर्षी किनाऱ्याला कळलं की डोंगरातून फक्त पाणीच खाली येत नाही.

आता 13 डिसेंबर 1941. वारास, सकाळचे सात वाजायला आलेत. वर कोहुपच्या खोऱ्यात, साडेचार हजार मीटरवर पाल्काकोचा तलाव आहे. हिमनदी मागे सरकताना तिनं लोटलेल्या दगडमातीचा ढिगारा हाच त्याचा बांध. आज तो फुटला. पाण्यानं वाटेतला दुसरा तलावही फोडून सोबत घेतला. तुम्हाला आधी आवाज येतो, मग जमीन थरथरते, मग किल्काय नदीच्या बाजूनं घराएवढे दगड चिखलावर तरंगत येताना दिसतात. शहराचा जो भाग नुकताच रुंद रस्ते आखून, हौसेनं वसवला होता, तोच आधी जातो. हजारो माणसं मेली. चिखल सांतेत उतरला आणि नदीकाठानं समुद्रापर्यंत नासधूस करत गेला.

यानंतर जे झालं ते मला या प्रदेशाच्या इतिहासातलं सगळ्यांत मोलाचं प्रकरण वाटतं. 1950 मध्ये आणखी एक तलाव फुटला आणि कान्योन देल पातोमध्ये बांधकाम चालू असलेलं वीजकेंद्र वाहून गेलं. पुढच्या वर्षी सरकारनं तलावांसाठी स्वतंत्र आयोगच नेमला. पेरूचे इंजिनिअर आणि वारासचे मजूर खेचरांवर सामान लादून वर गेले. थंडीत, विरळ हवेत, त्यांनी त्या ठिसूळ ढिगाऱ्यांना चर पाडले, पाण्याची पातळी हळूहळू उतरवली, आत पाइप घातले आणि वर पक्के बांध उभारले. अशा तीसहून जास्त तलावांवर काम झालं. जगात त्या वेळी हे कुणी एवढ्या प्रमाणावर केलेलं नव्हतं. या माणसांची नावं शाळेच्या पुस्तकांत नाहीत, पण त्यांच्या कामाखाली आज शहरं झोपतात.

पण बर्फाच्या कड्याला पाइप घालता येत नाही.

31 मे 1970, रविवार. तुम्ही युंगायच्या चौकात, ताडांच्या सावलीत बसला आहात. मेक्सिकोत आजच फुटबॉलचा विश्वचषक सुरू झाला आहे. गावाच्या स्टेडियमवर सर्कस लागली आहे आणि शेकडो मुलं तिकडे गेलीत. आठ वर्षांपूर्वी, 1962 मध्ये, याच वास्कारानवरून कडा सुटून शेजारचं रानराइर्का गाडलं गेलं होतं. तेव्हा मधल्या टेकाडानं युंगाय वाचलं, म्हणून लोक त्या टेकाडावर विसंबून आहेत. दुपारी 3 वाजून 23 मिनिटांनी चिम्बोते बंदराजवळच्या समुद्रात भूकंप होतो, 7.9 तीव्रतेचा. कच्च्या विटांच्या भिंती कोसळतात. धूळ बसायच्या आत वास्कारानच्या उत्तर शिखराकडून गडगडाट ऐकू येतो. बर्फ, खडक आणि माती मिळून तो लोंढा त्या टेकाडावरून उडी घेतो. तुमच्याकडे तीन-चार मिनिटं आहेत. दफनभूमीच्या टेकडीकडे पळा. जुन्या लोकांनी ती पायऱ्यापायऱ्यांची, गोल, उंच बांधली आहे, आणि तिच्या माथ्यावर येशूचा पुतळा आहे. जे वर पोचले ते वाचले, सुमारे 92 जण. सर्कशीतली तीनशेच्या आसपास मुलं वाचली. गाव वाचलं नाही. चौकातल्या ताडांपैकी चार तेवढे चिखलातून डोकं काढून राहिले.

सगळ्या आंकाशात मिळून त्या दिवशी सुमारे 70,000 माणसं गेली. दरीवर धुळीचा थर इतका दाट होता की कित्येक दिवस विमानांना खालचं दिसलं नाही. रस्ते तुटले होते. चिम्बोतेहून घळईतून वर येणारी रेल्वे अशी मोडली की पुन्हा कधी धावली नाही. मदत यायला वेळ लागला आणि अनेक जखमी त्या वेळातच गेले.

मग लिमाहून अधिकारी आले. युंगाय प्रांताची राजधानी सुमारे पंधरा किलोमीटर दक्षिणेला, तिंग्वाला हलवायची, ती जागा सुरक्षित आहे, असा त्यांचा आग्रह. वाचलेल्यांनी नाही म्हटलं. जुन्या गावाच्या उत्तरेला, जवळच, त्यांनी तंबू ठोकले, बाजार भरवला, आणि वरच्या वाड्यांतले शेतकरी बटाटे-मका घेऊन तिथेच उतरू लागले. बाजार भरला तिथे गाव ठरलं, आणि सरकारला मागाहून शिक्का मारावा लागला. त्या अधिकाऱ्यांचं भूगर्भाचं गणित चुकीचं नव्हतं. पण डोंगरातल्या माणसाला आपले मेलेले आणि आपला बाजार या दोन्हींपासून तोडून वसवता येत नाही, हे युंगायच्या लोकांना जास्त चांगलं कळत होतं, आणि मी त्यांच्या बाजूनं आहे.

1972 ला खाली समुद्रावर या. चिम्बोते. 1940 च्या सुमारास हे काही हजार वस्तीचं कोळीगाव होतं. तीस वर्षांत दीड लाखाच्या वर माणसं इथे उतरली, बहुतेक डोंगरातून. घळईतल्या विजेवर पोलादाचा कारखाना चालतो. बंदरात मांदेलीच्याच कुळातली आंचोवेता ही बोटभर मासळी टनावारी उतरते आणि दळून तिचं खत-खाद्य होऊन जगभर जातं. त्या वासानं डोळे चुरचुरतात. होसे मारिया आर्गेदासनं आपली शेवटची, अपुरी राहिलेली कादंबरी याच गावावर लिहिली, वरचा कोल्हा आणि खालचा कोल्हा यांची. त्यानं या विभागाची नस अचूक पकडली होती. पण या वर्षी समुद्र गरम आहे. एल निन्योनं थंड पाणी खाली दाबलं, त्यात आधीपासून बेसुमार मासेमारी झालेली, आणि आंचोवेता नाहीशी झाली. होड्या बंदरात बांधलेल्या आहेत. त्याच महिन्यांत पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला मराठवाड्यात आणि नगर-सोलापुराकडे विहिरी कोरड्या आहेत आणि माणसं खडी फोडायच्या कामावर जातात. पॅसिफिकच्या त्याच उबेनं आपल्या बहात्तरच्या दुष्काळालाही हातभार लावला होता. आपल्या आजी-आजोबांनी मिलोची भाकरी खाल्ली तेव्हा चिम्बोतेचा कोळीही उपाशी होता. दोघांना एकमेकांची खबर असायचं कारण नव्हतं.

आता आजच्या आंकाशात या. वीस प्रांत, 166 जिल्हे, सुमारे 36,000 चौरस किलोमीटर. राजधानी वर वारासमध्ये. सगळ्यांत मोठं शहर खाली चिम्बोते. निवडून आलेल्या गव्हर्नरानं कुठे जास्त बसावं यावरून दोन्हीकडचे लोक रागावतात, आणि दोघांचाही राग समजण्यासारखा आहे. पलीकडच्या उतारावर आंतामीनाची तांब्या-जस्ताची खाण आहे; तिथला भुकटीचा गाळ तीनशे किलोमीटरच्या पाइपमधून वार्मेईच्या बंदरात उतरतो. सांतेचं पाणी समुद्राजवळ कालव्यात वळवून उत्तरेला शेजारच्या ला लिबेर्ताद विभागात नेलं आहे, तिथल्या वाळवंटात शतावरीची निर्यातीची शेती होते. विभागाची हद्द नदीला थांबवत नाही. आणि 1970 च्या दशकाच्या तुलनेत ब्लांका रांगेवरचं एक तृतीयांशाहून जास्त बर्फ गेलं आहे.

शेवटी सांतेच्या दरीतल्या कारास गावाच्या वर, पारोन तलावाकाठी चला. ब्लांका रांगेतला हा सगळ्यांत मोठा तलाव. तो फुटू नये म्हणून सरकारनं खडकातून बोगदा काढून त्याची पातळी खाली आणली. पुढे कान्योन देल पातोचं वीजकेंद्र खासगी झालं आणि त्याच बोगद्याची झडप विजेच्या गरजेप्रमाणे उघडू-मिटू लागली. कधी तलाव तळाला जाई, कधी अवेळी आलेल्या पाण्यानं खालच्या शेतांचे पाट गाळानं भरत. 2008 च्या जुलैमध्ये कारासची आणि आसपासच्या वाड्यांची माणसं वर चढून गेली आणि त्यांनी झडपेचा ताबा घेतला. वाटाघाटी वर्षानुवर्षं चालल्या. कोरड्या महिन्यांत सेकंदाला किती घनमीटर सोडायचं, आधी कुणाला, पिण्यासाठी किती, पाटाला किती, विजेला किती, या आकड्यांवर शेतकरी, इंजिनिअर आणि पाणीखात्याचे अधिकारी एका टेबलाशी बसू लागले, कारण आता किल्ली गावकऱ्यांच्या हातात होती.