पाळीवरची राखण

दिवाळीच्या सुमारास साकोलीच्या बाजूला गेलात, तर धानाच्या बांध्या पिवळ्या पडत चाललेल्या दिसतात. भाऊबीजेच्या आगेमागे गावोगाव मंडया भरू लागतात, दंडारी होतात, रात्र रात्र नाटके रंगतात. हा सारा आनंद ज्याच्या जिवावर चालतो, तो मात्र गावाबाहेर मुकाट पडून असतो. तो म्हणजे गावचा तलाव.

या झाडीपट्टीत वर्षाकाठी पन्नास इंचांच्या आसपास पाऊस पडतो. दूरच्या माणसाला वाटावे, येथे पाण्याची काय वाण? पण धान हे मोठे मानी पीक. आषाढ-श्रावणात कितीही न्हाले, तरी हस्ताच्या वेळी पाऊस रुसला की लोंब्या पोचट निघतात. उलट तोच पाऊस एका रात्रीत कोसळला, की चुलबंद आणि वैनगंगा काठावरची शेते धुऊन नेतात. अवर्षण आणि महापूर, दोन्ही वैरी एकाच आभाळातून यावयाचे! तेव्हा दोघांचा बंदोबस्तही एकच असावा, हे येथील जुन्या लोकांनी ओळखले होते.

ही ओळख ज्यांनी हाताने घडविली, ते कोहळी. चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्यांना जमिनी देऊन उत्तेजन दिले, आणि वैनगंगेच्या खोऱ्यात तलावांमागून तलाव उभे राहिले. त्यांतला थोर म्हणजे नवेगावबांध. पूर्वी हे गाव साकोली तहसिलीत होते; १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यापासून ते तिकडे आहे. कोलू पाटील कोहळी याने डोंगरांमधली खिंड बांधून हा तलाव केला. भोवतालच्या सात शिखरांना लोक ‘सात बहिणी’ म्हणतात. या देवींनी बांधकामाला हात लावला, अशी कथा आहे. खुद्द कोलू पाटील ‘कोलासूर’ या नावाने देव होऊन बसला आहे. लढाया जिंकणारे देव होतात हे आपण ऐकतो. येथे पाणी अडविणारा देव झाला!

या तलावांची रचना पाहण्यासारखी आहे. मातीची पाळ, पाणी सोडावयाचे ते ‘तुडूम’, तलाव तुडुंब भरला की जादा पाणी बाजूने निघून जावयाचे, ती ‘सलांग’. वरच्या तलावाचे उतू गेलेले पाणी खालच्या तलावात, तेथून आणखी खाली. त्यामुळे पुराचा जोर टप्प्याटप्प्याने मोडत असे, आणि तेच पाणी हस्ताच्या ओढीसाठी शिल्लक राहत असे. शेतात पाणी वाटणारा पाणकर गावचाच असे. उन्हाळ्यात गाळ उपसणे, पाळीवर माती टाकणे, ही कामे गावाच्या अंगावर असत. मुसळधार पावसात पाळ खचू लागली, तर धावून जाणारे त्याच पाळीखाली राहणारे असत. संकटाचा आराखडा आणि त्याची अंमलबजावणी, दोन्ही एकाच गावात नांदत होती.

मात्र त्या काळाचे नुसते गोडवे गाऊन चालणार नाही. तलाव मालगुजाराचा, शब्दही बहुधा त्याचाच. राबणाऱ्या भूमिहीनाला किंवा तलावातले मासे धरणाऱ्या ढिवराला पाण्याच्या वाटणीत कोण विचारणार? १९५० च्या कायद्याने मालगुजारी मोडली, ३१ मार्च १९५१ रोजी तलाव सरकारजमा झाले. ही गोष्ट न्यायाचीच झाली. पण मालगुजाराबरोबर गावाची जबाबदारीही निघून गेली. तलाव पुढे काही जिल्हा परिषदेकडे, काही पाटबंधारे खात्याकडे गेले. ‘आता तो सरकारचा’ असे गाव म्हणू लागले. आणि सरकारला प्रत्येक पाळीवर डोळा ठेवणे कसे साधावे? गाळ साचला, बेशरमीची झुडपे माजली, तलावाच्या पोटात शेते शिरली. मालक गेला, पण त्याच्या जागी गाव बसले नाही. खरी चूक येथे आहे.

किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर महाराष्ट्रात आपत्ती-नियोजनाचा विचार जोराने सुरू झाला. २००५ साली देशाचा कायदा आला. जिल्ह्याचा आराखडा स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून तयार करावा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. तरीही ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवराचे पाणी वैनगंगेला आले, आणि भंडारा शहरात व नदीकाठच्या गावांत घरेदारे पाण्यात गेली. वरच्या तलावाचे पाणी खाली येणार, हे सलांगीचे गणित जुन्या गावाला तोंडपाठ होते. तोच हिशेब आता दोन राज्यांना मिळून मांडावयाचा आहे. आणि पाणी प्रथम कोणत्या गल्लीत शिरते, कोणती वाट आधी बंद होते, हे तेथे राहणाऱ्यावाचून कोण सांगणार?

सुदैवाने आशेची जागा आहे. भंडारा-गोंदियाच्या भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाला बरोबर घेऊन जुन्या तलावांत नवा जीव ओतण्याचे काम केले आहे. बेशरमी काढून तेथे तलावातल्या मूळ पाणवनस्पती लावताना, कोणती वनस्पती कोणत्या माशाला मानवते, हे ढिवरांच्या अनुभवाने सांगितले. ज्यांना पूर्वी कोणी विचारले नव्हते, त्यांच्याजवळच हे ज्ञान होते!

म्हणून कोलू पाटलाचे खरे स्मरण करावयाचे तर मालगुजारी परत नको; त्याची पाळ मात्र गावाच्या नजरेखाली यावी. पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत सर्वांनी मिळून सलांग मोकळी आहे का, तुडूम चालते का, रात्री धोक्याचा निरोप कोणी कोणाला द्यावयाचा, एवढे ठरवावे. आणि त्या बैठकीत पाळीखालच्या शेवटच्या घरातल्या बाईला पहिल्याने बोलू द्यावे. पाणी चढते तेव्हा पहिली जाग तिला येते.