मोटारीचा मागील आंस आणि भंडाऱ्याचें मँगनीज

बैलगाडीच्या आंसाला भार पेलण्याचें एकच काम असतें. दोन्ही चाकें त्यावर मोकळीं फिरतात. वळणावर बाहेरचें चाक अधिक व आंतलें कमी फिरलें, तरी अडचण पडत नाहीं. मोटारीच्या मागील आंसावर मात्र दुहेरी जबाबदारी असते. तो भार वाहतो आणि एंजिनाची शक्तीहि चाकांस पोंचवितो. दोन्ही चाकें एकाच अखंड दांड्याला जखडलीं, तर वळणावर एक चाक घसटत जाईल. फ्रान्समधील ओनेसिफोर पेक्योर यानें वाफेच्या गाडीसाठीं यावर दंतचक्रांची योजना काढली. तीच आजची ‘डिफरन्शियल’.

हीं दंतचक्रें, चाकांकडे जाणारे दोन अर्धे आंस आणि त्यांना लागणारें तेल, हें सारें ज्या पोलादी कवचांत राहतें, त्याला कारागीर ‘हौसिंग’ म्हणतात. गाडीच्या मागील अंगाचा भार पाट्यांच्या कमानींवाटे याच कवचावर येतो. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा प्रथम त्याला कळतो. प्रवाशाला मात्र त्याचें अस्तित्वहि ठाऊक नसतें.

मॉरिस ऑक्सफर्डच्या धर्तीवर १९५७ पासून निघूं लागलेली अँबॅसडर २०१४ सालीं बंद झाली. अशा जुन्या गाडीचें कवच वांकलें किंवा तडकलें, तर दुसरें बहुधा मोडीत निघालेल्या तशाच गाडीकडून मिळवावें लागतें. मग कसोटी लागते ती कारागिराच्या नजरेची. गाडीचा सांगाडा घोड्यांवर टेकवून ब्रेकच्या नळ्या व प्रॉपेलर शाफ्ट सोडवावा लागतो. अर्धे आंस ओढून डिफरन्शियल काढावें लागतें. शेवटीं यू-बोल्ट उघडले कीं जुनें कवच सुटतें. नवें बसविण्यापूर्वीं तें सरळ आहे कीं नाहीं, बेअरिंगच्या जागा झिजल्या आहेत काय, कमानी टेकण्याच्या बैठका जुन्याशीं जुळतात काय, हें मापून पाहावें लागतें. बैठक थोडी सरकली, तर मागचीं चाकें पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहींत, गाडी तिरपी धांवते. बैठकीचा कल चुकला, तर प्रॉपेलर शाफ्ट थरथरूं लागतो. कवच चढविल्यावर नवीं तेल-सीलें, ताजें तेल, ब्रेकमधील हवा काढणें आणि कांहीं मैलांनंतर यू-बोल्ट पुन्हां आवळणें, एवढें झालें म्हणजे काम पुरें होतें.

या कवचाचा चिवटपणा पोलादांतून येतो, आणि पोलादाच्या चिवटपणाला मँगनिजाचा हातभार असतो. लोखंडांतील गंधकामुळें तापलेलें पोलाद ठोकतांना चिरफळतें. मँगनीज त्या गंधकाला बांधून ठेवतें. येथें भंडारा जिल्ह्याचा संबंध येतो. विसाव्या शतकाच्या आरंभीं मध्यप्रांतांत या खनिजाच्या खाणी निघाल्या. तुमसर भागांतील चिखला व डोंगरी बुजुर्ग हीं नांवें त्यांतलींच. भूगर्भशास्त्रज्ञ फर्मोर यांनीं भारतांतील मँगनिजावरचा आपला मोठा ग्रंथ १९०९ सालीं प्रसिद्ध केला. त्या खडकाच्या एका जातीला त्यांनीं येथील गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ असें नांव दिलें. खडकाला गोंडांचें नांव मिळालें. खडकांतून निघालेलें धन मात्र आगगाडीनें बंदराकडे आणि तेथून परदेशांतील भट्ट्यांकडे जात राहिलें. १८९६ सालीं स्थापन झालेल्या ब्रिटिश कंपनीच्या खाणींसाठीं १९६२ सालीं भारत सरकार व राज्य सरकारें यांच्या भागीदारीनें नवी कंपनी उभी राहिली, आणि १९७७ सालीं ती पूर्णपणें सरकारी झाली.

पुढें १९८२ सालीं साकोलीच्या रस्त्यावरील गडेगांव येथें अशोक लेलँडचा कारखाना उभा राहिला, आणि जड मोटारींच्या गिअरबॉक्सा याच जिल्ह्यांत तयार होऊं लागल्या. खनिज देणाऱ्या भूमीला यंत्राचा अवयव घडविण्याचा मान मिळण्यास सुमारें ऐंशी वर्षें लोटलीं. माती कोणाच्याहि जहाजांत भरून नेतां येते. हातांतलें कसब मात्र जेथें रुजतें, तेथेंच पिढ्यान्‌पिढ्या राहतें. जुन्या गाडीखालीं उताणा पडून कवच जुळविणारा कारागीर हें कसबच जपत असतो. गाडी पुन्हां सरळ धांवूं लागते, आणि त्या कवचाची आठवण कोणाला राहत नाहीं. पण काम नीट झाल्याची तीच खरी खूण होय.