ताण, वेळ आणि मऊ ऊतके : प्रस्तावना

कंडरा किती ताठ असते, या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. ती किती वेगाने ओढली, किती वेळ धरून ठेवली आणि त्याआधी किती वेळा ताणली होती, हे ठाऊक असल्याशिवाय आकड्याला अर्थच नसतो. ठरावीक लांबीवर धरून ठेवलेल्या कंडरेतले प्रतिबल हळूहळू उतरत जाते, हे शिथिलन. भार कायम ठेवला तर उलट विकृती वाढत राहते, हे विसर्पण. सकाळच्या मानाने रात्री आपली उंची साधारण एक टक्का कमी भरते, ती मुख्यतः मणक्यांमधल्या चकत्यांच्या अशाच विसर्पणामुळे.

या अभ्यासाची सुरुवात शरीरात झाली नाही. विल्हेल्म वेबर यांनी 1835 मध्ये रेशमाच्या धाग्यांबद्दल नोंदवले, की भार लावताच धागा लांबतो आणि नंतरही सावकाश लांबत राहतो. पुढे 1874 मध्ये बोल्ट्समन यांनी त्याला गणिती रूप दिले : आजचे प्रतिबल म्हणजे आजवरच्या सगळ्या विकृतींच्या, काळानुसार ओसरत गेलेल्या परिणामांची बेरीज. माझ्या मते या विषयातले सर्वांत देखणे समीकरण हेच.

पण ऊतके रेषीय नसतात. सैल, नागमोडी कोलॅजेन तंतू सरळ होत जातात तसे प्रतिबल झपाट्याने चढते. विमानांच्या पंखांच्या कंपनांवर काम करून शरीराकडे वळलेल्या युआन-चेंग फंग यांनी यातून वाट काढली. त्यांनी अरेषीय स्थितिस्थापक प्रतिसाद आणि काळावर अवलंबून असणारे शिथिलन वेगळे मांडून, बोल्ट्समन यांच्या बेरजेने दोन्ही जोडले. एक स्प्रिंग आणि तेलात हलणारा एक दट्ट्या एवढ्यावर भागत नव्हते, कारण भाराचा वेग अनेक पटींनी बदलला तरी ऊतकात वाया जाणारी ऊर्जा फारशी बदलत नाही. म्हणून त्यांनी शिथिलनकालांचा अखंड पट्टाच गृहीत धरला. अस्थिबंधांवरच्या पुढच्या प्रयोगांत मात्र शिथिलनाचा वेग विकृतीनुसार बदलताना दिसला, आणि या विभाजनाची मर्यादा कळली.

वाचकाने सर्वांत जास्त वेळ द्यावा असा प्रश्न यापुढचा आहे : हा वेळ जातो कुठे? मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 मध्ये कूर्चेचे द्विप्रावस्था प्रतिरूप मांडले. त्यात घन जाळीच्या सूक्ष्म छिद्रांतून वाट काढणारे पाणी हेच विलंबाचे कारण आहे. कूर्चेच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणीच असते. आता अडचण अशी, की जाळीच्या स्वतःच्या श्यानतेमुळे आलेला आणि पाण्याच्या प्रवाहामुळे आलेला शिथिलनाचा आलेख जवळपास सारखाच दिसू शकतो. आलेख जुळला म्हणून कारण सापडत नाही. त्यासाठी नमुन्याचा आकार बदलून पाहावा लागतो. कडेने पाणी बाहेर जाऊ देणाऱ्या चकतीची त्रिज्या दुप्पट केली, तर प्रवाहामुळे होणाऱ्या शिथिलनाला चौपट वेळ लागतो. जाळीच्या अंगभूत श्यानतेला आकाराशी काही देणेघेणे नसते. इतका साधा प्रयोग न करता अनेक घटकांचे प्रतिरूप बसवणे हा वेळेचा आणि ऊतकाचाही अपव्यय आहे, असे मला मनापासून वाटते.

कलन येणाऱ्या कोणालाही हे पुस्तक वाचता येईल. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी समाकलांची धास्ती घेऊ नये. आधी आलेख वाचावेत, मग समीकरणाकडे यावे. अभियंत्यांनी एकदा तरी शवविच्छेदनगृहात जाऊन कूर्चा बोटाने दाबून पाहावी.