लाविनोचा नवरा

इंजिनिअरिंगला नागपुरात हॉस्टेलवर असताना माझा रूममेट आईचा फोन आला की खोलीबाहेर जायचा. एटापल्ली तालुक्यातला माडिया मुलगा. गॅलरीच्या टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ उभा राहून तो दबक्या आवाजात बोलायचा आणि परत येऊन आमच्याशी मराठीत गप्पा मारायचा. आम्ही चंद्रपूर-वर्ध्याची पोरं त्याच्या बोलण्याची नक्कल करायचो. दुष्टपणाने नाही, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो.

मग पुण्यात नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात मी कुणाला तरी म्हटलं, "टेस्टिंग करून राहिलो." टीम हसली. तेव्हापासून मी 'करतोय' म्हणायला लागलो. परदेशी क्लायंटसमोर इंग्रजीही तशीच घासूनपुसून घेतली. घरून फोन आला की मीही उठून पॅन्ट्रीत जायला लागलो. एक दिवस कॉफी मशीनजवळ उभा असताना ती पाण्याची टाकी आठवली.

त्याच काळात हिंजवडीच्या बसमध्ये मोबाईलवर 'साँग ऑफ लाविनो' वाचलं. युगांडाचा कवी ओकोट प'बिटेक याची ही दीर्घ कविता 1966 साली नैरोबीहून प्रसिद्ध झाली. लाविनो ही अचोली समाजातली बाई. तिचा नवरा ओचोल शिकून आलाय. त्याला आता तिचं बोलणं, तिचं जेवण, तिचं नाचणं, तिचे केस यांतलं काहीच चालत नाही. त्याने क्लेमेंटाइन नावाची, गोऱ्या बायांसारखी राहणारी दुसरी बाई आणलीय. लाविनो भांडते, टोमणे मारते, गावासमोर नवऱ्याची अब्रू काढते. त्याच्या पुस्तकांनी भरलेल्या घराला ती अंधारं जंगल म्हणते. आमच्याकडे 'जंगली' ही शिवी शाळेत न गेलेल्याला दिली जाते. इथे जंगलात हरवलाय तो शिकलेला माणूस.

वाचताना मी अर्थातच लाविनोच्या बाजूने होतो. इंग्रजीपुढे दबलेला मराठी माणूस म्हणून मला तिची प्रत्येक तक्रार माझीच वाटत होती. कविता संपायला आली तेव्हा लक्षात आलं की हॉस्टेलच्या त्या खोलीत मी ओचोल होतो.

हे नुसतं मनाला लागलं असतं तर डायरीत लिहून सोडून दिलं असतं. पण त्यामागे इतिहास आहे, आणि तो माझ्याच गावचा आहे.

वसाहतोत्तर आफ्रिकी कवितेतला सगळ्यात कडू वाद भाषेचा आहे. 1962 च्या जूनमध्ये कंपालाच्या मकेरेरे कॉलेजात आफ्रिकी लेखकांची परिषद भरली. तिचं नावच मुळी 'इंग्रजीतून अभिव्यक्ती करणाऱ्या आफ्रिकी लेखकांची परिषद' असं होतं. चिनुआ अचेबे होता, वोले सोयिंका होता, आणि न्गुगी वा थिओंगो तेव्हा तिथलाच विद्यार्थी होता. स्वाहिलीतला मोठा कवी शाबान रॉबर्ट आणि योरुबातला कादंबरीकार फागुन्वा यांना मात्र जागा नव्हती, कारण ते आफ्रिकी भाषांमध्ये लिहीत. पुढे न्गुगीने हा मुद्दा धरूनच ठेवला. 1977 मध्ये गिकुयू भाषेतल्या नाटकापायी तो तुरुंगात गेला. तिथे टॉयलेट पेपरवर त्याने गिकुयूत कादंबरी लिहिली आणि 1986 च्या 'डीकॉलनायझिंग द माइंड'मध्ये इंग्रजीला रामराम ठोकला.

ओकोटने वेगळी वाट काढली होती. त्याने लाविनो आधी अचोलीत लिहिली आणि मग स्वतःच इंग्रजीत आणली. गंमत म्हणजे इंग्रजी पुस्तक आधी छापलं गेलं; मूळ अचोली 1969 मध्ये आलं. आणि हा माणूस स्वतः कोण? 1956 मध्ये युगांडाच्या फुटबॉल संघाबरोबर ब्रिटनला गेला, शिकायला तिथेच राहिला, कायद्याची पदवी घेतली आणि पुढे ऑक्सफर्डला मानववंशशास्त्र शिकला. म्हणजे लाविनोचा आवाज ओचोलनेच लिहिलाय. काही समीक्षकांना हे खटकतं. मला ती कवितेची ताकद वाटते, कारण घर सोडून गेलेल्यालाच घरातल्या बाईचे टोमणे इतके शब्दशः आठवतात.

आता चंद्रपूर. जटपुरा गेटच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या कुणालाही विचारा, हा परकोट कुणाचा. उत्तर येईल, गोंड राजांचा. पण त्या राजांची भाषा कोणती, हे शाळेत आम्हाला कुणी सांगितल्याचं आठवत नाही. 1751 मध्ये नागपूरच्या भोसल्यांनी शेवटचा गोंड राजा नीलकंठ शहा याचं चांद्याचं राज्य घेतलं. दफ्तर मराठीत आलं, मोडी लिपीत. शंभरेक वर्षांनी भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके उठले आणि 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्याच्या तुरुंगात पिंपळाला फासावर गेले. मग 1878 चा वन कायदा आला आणि ज्या जंगलात लोक राहत होते तिथे ते घुसखोर ठरले. 1947 उजाडलं, 1960 मध्ये मराठी राज्य झालं, 1982 मध्ये चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. शाळा, सातबारा, कोर्ट, फॉरेस्टरची पावती, सगळं मराठीत.

नैरोबीत जी जागा इंग्रजीची, ती एटापल्लीत मराठीची आहे. भोसले आणि ब्रिटिश यांना एकाच तागडीत टाकायचं नाही मला. वसाहतीसाठी समुद्र ओलांडून आलेलं भांडवल आणि शेजारचं राज्य यांत फरक आहे. पण पहिलीच्या वर्गात बसलेल्या सहा वर्षांच्या माडिया मुलाला तो फरक कसा समजावणार?

म्हणून 1979 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला पहिलं आदिवासी साहित्य संमेलन भरलं, ते मला आपल्याकडच्या मकेरेरेसारखं वाटतं. मंचावर आदिवासी, भाषा मुख्यतः मराठी. न्गुगीच्या चष्म्यातून पाहिलं तर ही शरणागती. पण ती तशी नाही, आणि इथे आफ्रिकेतलीच दुसरी गोष्ट उपयोगी पडते. 1930 च्या दशकात पॅरिसमध्ये सेनेगलचा सेंघोर, मार्टिनिकचा सेझेर आणि फ्रेंच गयानाचा दामास भेटले. त्यांना जोडणारी भाषा एकच, फ्रेंच, म्हणजे मालकाची. त्या भाषेतच त्यांनी काळेपणाचा अभिमान सांगणारी 'नेग्रित्यूद' चळवळ उभी केली. चांद्याचा गोंड, नंदुरबारचा भिल्ल, मेळघाटचा कोरकू आणि डहाणूचा वारली यांच्या भाषा एकमेकांना कळत नाहीत. 'आम्ही आदिवासी' हे वाक्य चौघांनाही समजेल अशी भाषा महाराष्ट्रात मराठीच होती.

विनायक तुमराम यांचा 'गोंडवन पेटले आहे' हा संग्रह 1987 चा. नेग्रित्यूदसारखाच तो आधी स्वतःचं नाव मोठ्याने घेतो. सोयिंकाने नेग्रित्यूदला टोला हाणला होता की वाघाने आपलं वाघपण सांगत फिरायचं नसतं, तो झडप घालतो. ताडोब्याच्या बाजूला वाढलेल्या माणसाला हा टोला आवडायला हवा, पण पटत नाही. ज्याला दोनशे वर्षं कुणी वाघ म्हटलंच नाही, त्याने एकदा तरी सांगायला नको?

मला जास्त अडकवून ठेवतो तो शेजारच्या यवतमाळचा भुजंग मेश्राम. त्याचा 'उलगुलान' 1990 मध्ये आला. शीर्षकच मुंडारीतलं, बिरसा मुंडाच्या 1899-1900 च्या उठावाचं नाव, आणि पुस्तक मराठी. गोंडी आणि बंजाऱ्यांची गोरमाटी तो मराठीच्या अंगणात अशी आणून बसवतो की अडखळतो तो प्रमाण मराठीचा वाचक. शब्द कळला नाही तर विचारत फिरा, आम्ही नाही का फिरलो, असा काहीसा त्याचा पवित्रा. मालकाची भाषा वापरून मालकालाच परकं करणं ओकोटनेही केलं: अचोली म्हणी त्याने जशाच्या तशा इंग्रजीत आणून ठेवल्या. मेश्राम 2007 मध्ये, पन्नाशीही गाठायच्या आत गेला. माझ्या पिढीतल्या किती जणांनी त्याचं नाव ऐकलंय, हे तुमच्या ग्रुपवर विचारून बघा.

दलित पँथरमुळे मराठी वाचक काळ्या अमेरिकेपर्यंत गेला. 1978 मध्ये जनार्दन वाघमारे यांचं 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' आलं. आफ्रिकेपर्यंत मात्र आपण फारसे गेलो नाही. गेलो असतो तर आरशात बघावं लागलं असतं.

2011 च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे साधारण 29.8 लाख. बोडो सांगणारे सुमारे 14.8 लाख, आणि बोडो 2003 पासून आठव्या अनुसूचीत आहे. गोंडी अजून नाही. ती सहा-सात राज्यांत विखुरली आहे, त्यामुळे कुठल्याच राज्याला ती आपली वाटत नाही. 2019 मध्ये धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने स्वतःची गोंडी शाळा काढली, तर शिक्षण खात्याने तिला बेकायदा ठरवलं.

माझ्या धंद्यातली बातमी थोडी बरी आहे. मंगलसिंग मसराम यांनी 1918 मध्ये तयार केलेली गोंडी लिपी 2017 मध्ये युनिकोडच्या दहाव्या आवृत्तीत आली. तेलंगणातल्या गुंजाळा गावच्या हस्तलिखितांतली दुसरी लिपी पुढच्या वर्षी आली. म्हणजे कागदोपत्री आता कुठल्याही फोनवर गोंडी उमटू शकते.

मागच्या महिन्यात मी एका साइटवर रूममेटचं नाव मसराम लिपीत टाइप केलं आणि त्याला पाठवलं. खाली लिहिलं, हॉस्टेलबद्दल सॉरी. तो आता गडचिरोलीत शिक्षक आहे. दुपारी मधल्या सुट्टीत उत्तर आलं.

"चौकोन दिसून राहिले बे. अन् दिसलं असतं तरी मले कुठं वाचता येते. फोन कर."

फोन केला. पॅन्ट्रीत न जाता डेस्कवरूनच. अर्धा तास बोललो, मराठीत.