कॅम्पर व्हॅनमधील जमीन
मालवाहू व्हॅनचे निवासी गाडीत रूपांतर करताना तिच्या पोलादी तळावर घालावयाची थरयुक्त जमीन. हा तळ पन्हळी असल्याने, प्रथम गंज खरवडून व गंजरोधक रंग देऊन ओलीचा बंदोबस्त करावा आणि मग पन्हळींच्या खाचा उष्णतारोधक फोमच्या पट्ट्यांनी भरून, त्यांवर फोमचे अखंड तक्ते व सुमारे १२ मिमी. जाडीचे प्लायवूड चिकटवावे. प्लायवूड स्क्रूंनीही पक्के करायचे असल्यास, त्यापूर्वी मात्र खाली इंधनाची टाकी वा नळ्या नाहीत, याची खातरजमा अवश्य करावी. चाकांच्या कमानींभोवतीचा वेडावाकडा आकार पुठ्ठ्यावर बेतून घेतला, की फळी पहिल्याच खेपेस चपखल बसते. पृष्ठभागास लाकूड देखणे खरे, परंतु चिखलाचे बूट, आर्द्रता व रस्त्याचे हादरे ध्यानी घेता एकसंध व्हिनाइलच सरस. सिरॅमिक फरशी वजनदार असून हादऱ्यांनी तडकते.