प्रसादालयाच्या गच्चीवरची सूर्यचूल मजुराच्या अंगणात का नाही?

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याचा बहुतांश भाग पर्जन्यछायेत मोडतो. पावसाने हात आखडता घेतला, तरी ऊन मात्र येथे वर्षातील आठ महिने भरभरून मिळते. या उन्हावर स्वयंपाक करण्याचा देशातील एक मोठा प्रयोग याच जिल्ह्यात, शिर्डीत झाला.

श्री साईबाबा संस्थानच्या प्रसादालयासाठी 2009 मध्ये सौर वाफ यंत्रणा कार्यान्वित झाली. गच्चीवर प्रत्येकी 16 चौरस मीटरच्या 73 अंतर्गोल तबकड्या बसविण्यात आल्या. जर्मन संशोधक वोल्फगांग शेफलर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तबकड्या सूर्याच्या गतीबरोबर फिरतात. एकवटलेल्या किरणांनी पाण्याची वाफ होते आणि ती नळ्यांतून थेट भातडाळीच्या कढयांपर्यंत पोहोचते. दिवसाला सुमारे 3 हजार 500 किलो वाफ व वर्षाकाठी सुमारे 1 लाख किलो गॅसची बचत, असा अंदाज तेव्हा मांडण्यात आला होता. सुमारे 1 कोटी 33 लाखांच्या खर्चापैकी 58 लाखांहून अधिक रक्कम केंद्राच्या अनुदानातून आली. ढगाळ दिवसांसाठी जुना बॉयलर जोडलेला ठेवण्यात आला, हे विशेष.

ही कल्पना नवी नाही. विल्यम ॲडम्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1870च्या दशकात मुंबईत आरशांच्या अष्टकोनी सूर्यचुलीवर सात शिपायांचे जेवण दोन तासांत शिजविले होते. पुढे 1980च्या दशकात सरकारने पेटीच्या सोलर कुकरला अनुदान दिले. काळ्या रंगाची पेटी, वर दुहेरी काच आणि झाकणाला आरसा, अशी त्याची साधी रचना. त्यात भात-डाळ दोन-अडीच तासांत शिजते, करपत नाही आणि धूरही होत नाही. तरीही अनेक घरांत तो अडगळीत गेला.

दोष अनुदानाचा कमी आणि वेळापत्रकाचा अधिक. पाथर्डी-शेवगाव पट्ट्यातील ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. फडावर पहाटे निघायचे म्हणजे भाकरी त्याआधीच थापावी लागते, आणि दुसरा स्वयंपाक दिवस मावळल्यावर. सूर्य डोक्यावर असतो तेव्हा घरातली बाई कोयता घेऊन फडात असते. शिवाय पेटीत भाकरी भाजली जात नाही. तिला तापलेला तवा आणि आच लागते. छत्रीसारख्या तबकडीवर तवा तापतो खरा, पण दर काही मिनिटांनी तिची दिशा बदलत उन्हात उभे कोण राहणार? कोपीसमोर ती ठेवायला जागा हवी, ती वेगळीच.

उज्ज्वला योजनेतून 2016 पासून गरीब घरांत गॅसची शेगडी पोहोचली. मात्र रोजंदारीवरच्या कुटुंबाला पुन्हा सिलिंडर भरून आणणे जड जाते आणि सरपणाची मोळी सुटत नाही. इंडियन ऑइलने 2022 मध्ये घरात बसून वापरता येणारी ‘सूर्य नूतन’ चूल सादर केली. छतावरच्या पॅनेलची वीज उष्णतेच्या रूपाने साठवून ती रात्रीही चालावी, असा हेतू. पण पक्के छतच नसेल तर पॅनेल बसवायचे कोठे?

आश्रमशाळा, वसतिगृहे आणि शालेय पोषण आहाराची स्वयंपाकघरे येथे मात्र गणित जुळते. तेथे जेवण दुपारचे, पदार्थ खिचडी-वरणाचे, आणि तबकडी फिरवायला माणूस नेमलेला असू शकतो. फडावर आईवडिलांबरोबर न जाता हंगामी वसतिगृहात राहणाऱ्या मुलांचे दुपारचे जेवण तरी उन्हावर शिजू शकते.